खांद्यांचा धंदा

कुंडलिकदाजींनी आयुष्यात चार धंदे केले. तीन बुडाले आणि चौथा चालला. ही त्या चाललेल्या धंद्याची गोष्ट आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, साळूआक्काचे यजमान. मी सावळाराम. मराठी सातवीपर्यंत शिकलो, भोर संस्थानात मास्तरकीही मिळाली होती, पण शाळा तपासायला आलेल्या साहेबाला उलट बोललो आणि महिन्याच्या आत घरी येऊन बसलो. तेव्हापासून दाजींच्या हाताखाली. त्यांच्या प्रत्येक धंद्यात मी राबलो आहे, तेव्हा नावं ठेवायचा हक्क मला आहे आणि तो मी बजावणार आहे.

पहिला धंदा खाणावळीचा. भाटघरला धरण बांधायचं काम चालू होतं आणि माणसांची जत्रा लोटली होती. दाजींनी तिथं पत्र्याचं खोपट टाकलं. आक्का पहाटेपासून भाकऱ्या थापायची, मी वाढायचो आणि दाजी दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आमटीवरचा तवंग दाखवायचे. बरं चाललं होतं. पण बांधायला घेतलेलं धरण कधीतरी बांधून पुरं होतं, ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. अठ्ठावीस साली काम संपलं, जेवणारे पांगले आणि आम्ही मोठाली पातेली डोक्यावर घेऊन वेल्ह्याला परत आलो. आक्काची एकुलती लेक भामा तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती.

दुसरा धंदा तुपाचा. तोरण्याच्या अंगानं धनगरवाडे आहेत, तिथून म्हशीचं तूप गोळा करायचं आणि पुण्याला पाठवायचं. तूप अव्वल होतं. पण दाजींना ते झाकून ठेववेना. "बगा तरी, रवा कसा पडलाय," म्हणून मडक्यांची तोंडं उघडी करून दुकानापुढं मांडून ठेवली, तीही वैशाखात. सगळं वेल्हं बघून गेलं. आठवड्यात तूप खवट झालं.

तिसरा धंदा कापूरहोळच्या फाट्यावर चहाच्या हॉटेलाचा. मोटारी तिथं थांबायच्या, जागा मोक्याची होती. दाजींनी किटलीच्या आधी ग्रामोफोन आणला. माणसं येऊन तासतासभर गाणी ऐकायची आणि मोटार आली की उठून जायची, चहा प्यायला वेळच उरायचा नाही. "गर्दी तर हाय की," दाजी म्हणायचे. गर्दी होती खरी. दीड वर्षात ग्रामोफोनही गेला आणि बाकडीही गेली.

दाजी लबाड नव्हते. आळशी तर नव्हतेच, सूर्य उगवायच्या आत त्यांचं निम्मं काम उरकलेलं असायचं. फक्त केलेलं काम चार माणसांनी बघावं आणि वा म्हणावं, याची त्यांना फार भूक होती. मी त्यांना त्यावरून चिडवायचो, मेव्हण्याला तेवढी मुभा असतेच. आज वाटतं, चिडवण्यापेक्षा एकदा नीट भांडलो असतो तर बरं झालं असतं.

पस्तीस सालच्या पावसाळ्यात आमच्या शेजारची चंद्राबाई तापानं फणफणली. तिला कापूरहोळला नेऊन मोटारीत घातलं असतं तर भोरचा दवाखाना मिळाला असता. पण बाज उचलायला आळीत चार गडी मिळेनात. घरटी एकदोन तरणे मुंबईच्या गिरण्यांत गेलेले. राहिले होते ते म्हातारे आणि पोरंसोरं. चंद्राबाई घरातच गेली. तिच्या तेराव्याच्या पंगतीत दाजी माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "सावळा, ह्या डोंगरात समदं मिळतं, पर खांदा मिळत न्हाई. आपून खांदा द्यायचा. मोल घिऊन."

आक्कानं हे ऐकलं तेव्हा हातातलं उलथनं खाली ठेवलं.

"खांद्याचं मोल?" ती म्हणाली. "आवो, खांदा ही काय बाजारात मांडायची चीज हाय व्हय? कुणी इकलाय का कवा?"

"कुणी इकला न्हाई म्हनूनच म्या इकणार," दाजी म्हणाले.

डोली म्हणजे मेसाचा जाड बांबू आणि त्याला दोन्ही टोकांना बांधलेलं घोंगडं, पाळण्यासारखं. दोघांनी वाहायचं, दोघांनी मोकळं चालायचं, चढ आला की खांदा बदलायचा. दाजी, मी आणि धनगरवाड्यावरचे बिरू आणि नाथा हे दोघे भाऊ, असे आम्ही चौघं. वरच्या वाड्यांवरून आजारी माणूस उचलायचा आणि कापूरहोळला मोटारीत बसवून द्यायचा. मोल म्हणून बहुतेक घरं भात घालायची. महिन्याभरात बोलावणी यायला लागली आणि दोन वर्षं ती थांबली नाहीत. बुडव्या म्हणून ज्याला गाव हसलं होतं, त्याच्या दारात लोक हात जोडून उभे राहू लागले.

पण धंदा चालला तरी एक खोट त्याच्या पोटात होतीच. लोक आम्हाला शेवटी बोलवायचे. आधी अंगारा, मग देवऋषी, मग झाडपाला, मग कोंबडं, आणि सगळं करून माणूस डोळे फिरवायला लागला की डोली. निम्मे वाटेतच जायचे. डोली दिसली की बाया पोरांना ओढून दार लावून घ्यायला लागल्या. दोन वर्षांत अडलेली एकही बाई डोलीत बसली नाही. दाजींना कामाची ददात नव्हती, पण डोलीनं गेलेला माणूस हसत घरी आला आणि चार लोकांनी बघितला, असं एकदाही घडलं नव्हतं. जे जगायचे ते पंधरा दिवसांनी आपापले चालत यायचे, त्यात बघण्यासारखं काय? दाजी हे रोज बोलून दाखवायचे. मी म्हणायचो, ग्रामोफोन आणा.

सदतीस सालच्या आषाढात वरल्या वाडीतून कोंडिबा नावाच्या माणसाचा भाऊ आला. ताप आहे म्हणाला. आम्ही अंधार असतानाच कोंडिबाला उचललं. वाटेत घोंगडं दोनदा भिजलं, तांदळाच्या धुवणासारखं पाणी, तेव्हा मी दाजींकडे बघितलं आणि दाजींनी माझ्याकडे. ती पटकी होती. भावानं लपवलं होतं, कारण पटकीचा माणूस कोण उचलणार? पण अर्ध्या वाटेवर टाकून कसा देणार, म्हणून नेत राहिलो. पाथरगाव ओलांडून अर्धा कोस गेलो असू, तेव्हा कोंडिबानं प्राण सोडला.

आता मढं घेऊन परत फिरायचं होतं, आणि मध्ये पाथरगाव होतं.

हे गाव डोंगर आणि नदी यांच्या चिमटीत बसलंय. वाट एका वेशीनं आत शिरते आणि दुसऱ्या वेशीनं बाहेर पडते. आमच्याकडे परगावचं मढं गावातून न्यायचं नाही असा दंडक आहे, बाहेरून वळसा घालायचा. उन्हाळ्यात वळसा नदीच्या पात्रातून पडतो, काहीच वाटत नाही. पावसाळ्यात नदीला पाणी असतं, मग डोंगराच्या सोंडेवर चढून पलीकडे उतरावं लागतं. तीन तास जातात आणि पाय घसरला तर माणूसही जातो. शिवाय पाथरगावानं त्या आठवड्यात वेस बांधली होती. आजूबाजूला पटकीची कुणकुण लागली की नारळ फोडून, लिंबं पुरून गावाची वेस मंत्रवून घेतात, रोगराई आत येऊ नये म्हणून.

"सरळ जाऊ," दाजी म्हणाले. "झोपलाय म्हनून सांगू."

कोंडिबाचा भाऊ रडून रडून सुकला होता, त्यानं नुसती मान हलवली. बिरू-नाथांनी पाय उचलले. आणि मी? मी सातवी शिकलेला, साहेबाला उलट बोललेला माणूस. मी कोंडिबाच्या अंगावरचं घोंगडं हनुवटीपर्यंत ओढलं आणि बांबूखाली खांदा घातला.

नुसते गेलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण वेशीच्या आत विहिरीवर पाच-सात बाया होत्या, पारावर माणसं होती, आणि एकजण म्हणाला, "परत आनला जणू?"

दाजी थांबले. मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं की आता हे काहीतरी करणार.

"गुन आला," ते म्हणाले. "वाटंतच डाक्तर गावला, त्यानं सुई दिली. आता निजलाय. ठिवा रं डोली जरा, पानी पाजू त्याला."

डोली विहिरीच्या कठड्याला टेकवली. माणसं जवळ आली. सगुणाबाई नावाची बाई पाणी शेंदत होती. तिनं आपला तांब्या भरून दिला. दाजींनी कोंडिबाची मान हातावर घेतली आणि तांब्या त्याच्या ओठाला लावला. पाणी आत गेलं नाही. ते हनुवटीवरून, त्या घोंगड्यावरून कठड्यावर सांडलं आणि कठड्यावरून आत विहिरीत गेलं. "सावकाश, सावकाश," दाजी मढ्याला म्हणत होते. मी म्हणालो, "निजू द्या त्याला." हे मी म्हणालो. बाया हळहळल्या, पारावरचा म्हातारा म्हणाला, "डोलीवाल्याच्या हाताला यश हाय म्हनायचं." दाजींनी तांब्या परत दिला. सगुणाबाईनं तो तसाच पुन्हा घागरीत बुडवला.

गाव मागं पडल्यावर दाजी मला म्हणाले, "बगितलंस?" त्यांचं तोंड उजळलं होतं, आणि मी चालत राहिलो.

पुढच्या चार दिवसांत तीन बोलावणी आली, त्यातलं एक अडलेल्या बाईचं. आठव्या दिवशी पाथरगावात पटकी लागली. पंधरवड्यात अकरा माणसं गेली. सगुणाबाईची दोन लेकरं एका दिवसाआड गेली, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. संस्थानचा माणूस विहिरीत तांबडं औषध टाकायला आला, तो वेल्ह्याच्या बाजारात सांगत होता की हा रोग वाऱ्यानं येत नाही, देवीच्या कोपानं येत नाही, पाण्यातून येतो. रोग्याचं घाण कापडसुद्धा विहिरीजवळ नेऊ नका म्हणाला. दाजी आणि मी तिथंच उभे होतो.

घरी येताना दाजी अर्ध्या वाटेत खाली बसले.

"सावळा, ते घोंगडं..."

"गप ऱ्हावा," मी म्हणालो. "कुणाला म्हाईत न्हाई. आक्कालासुदिक सांगू नगा."

त्यांनी माझं ऐकलं. साऱ्या आयुष्यात त्यांनी माझा एवढा एकच सल्ला मानला.

कोंडिबा पाथरगावाच्या आधीच मेला होता, हे त्याच्या भावाच्या तोंडून महिन्याभरात फुटलं. सगुणाबाईचा नवरा चिमाजी आमच्या दारात येऊन उभा राहिला. उंच, हाडकुळा, डोळे खोल गेलेले. तो ओरडला नाही. "बांधल्या येशीतनं मढं आणलंस," तो दाजींना म्हणाला. "मरीआय कोपली. आमची अकरा मान्सं घिऊन गेली. आता तुजी डोली आमच्या येशीत पाऊल टाकायची न्हाई, जिता आसंल न्हाय तर मेलेला." एवढं बोलून गेला. कोंडिबाला पटकी होती हे त्याला ठाऊक नव्हतं. मढ्यानं वेस बाटली, एवढंच त्याला ठाऊक होतं. आम्ही दोघं खाली मान घालून उभे राहिलो आणि त्याला तेवढंच ठाऊक राहू दिलं.

त्यानंतर डोली सोंडेवरून जायला लागली. तीन तास जास्त, त्यामुळं आणखी माणसं वाटेत मेली, आणि तरीही बोलावणी येतच राहिली.

भामा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. भाद्रपदात ती अडली. धोंडाबाई सुईणीनं दोन दिवस आणि एक रात्र सगळं करून बघितलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती हात पुसत बाहेर आली आणि आक्काला म्हणाली, "पोर आडवं हाय, हात भायेर आलाय. माज्या हातचं न्हाई राह्यलं. न्या लवकर, दुपारपत्तोर पोचली तर जगंल."

दाजींनी नवं घोंगडं बांधलं. भामा अठरा-एकोणीस वर्षांची, अंगानं थोराड, पण त्या दिवशी डोलीत घातली तेव्हा तिचं वजनच लागलं नाही. आक्का बरोबर चालायला लागली. पाऊस लागून राहिला होता. वेल्ह्यापासून पाथरगाव अडीच कोस. ते आम्ही पळतच काढले म्हणायचं, आणि साऱ्या वाटेत चौघांच्याही मनात एकच हिशेब चालू होता. गावातून सोडलं तर दुपारपर्यंत पोचतो. सोंडेवरून गेलो तर पोचत नाही.

वेशीत चिमाजी होता आणि आणखी सात-आठ माणसं. डोली लांबून दिसली तशी ती आडवी उभी राहिली.

"चिमाजी, माजी लेक हाय," दाजी म्हणाले. "आडलीय. जिती हाय, बग."

त्यांनी घोंगड्याची कड बाजूला केली. चिमाजीनं वाकून बघितलं. भामानं डोळे उघडले. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला, आणि मला वाटलं, सोडतो.

"जाताना जिती हाय," तो म्हणाला. "येताना कशी यील?"

"मेली तर डोंगरानं निईन. बेलभंडारा उचलून शपत घेतो."

"तुज्या बेलभंडाऱ्याचं काय करू? तू मेल्याला पानी पाजून दावलंस. माज्या बायकूच्या तांब्यानं."

आक्का पुढं गेली आणि चिखलात गुडघे टेकून तिनं पदर पसरला. "दादा, लेकीची भीक घाल. जाऊ दे. येताना आमाला काय बी करा." मागच्या घराच्या ओट्यावर सगुणाबाई उभी होती. ती वळून आत गेली.

"बाई, तुमचा काय गुना न्हाई," चिमाजी आक्काला म्हणाला. "पर गावानं ठरीवलंय. म्या एकट्यानं सोडलं आन उद्या पुन्यांदा कुनाचं लेकरू गेलं, तर म्या कुणाला त्वांड दावू?"

दाजी त्याच्या पायाशी वाकायला लागले. तेव्हा भामा बोलली. आवाज बारीक होता पण आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"आबा, नगा त्यांच्या पाया पडू. चला वरनं."

आम्ही वरनं गेलो. त्या चढाचं मी काही सांगणार नाही. दगडावर शेवाळ, पाऊस तोंडावर, आणि डोली कलंडू नये म्हणून एकजण सारखा घोंगड्याला हात लावून चालणार. उतारावर बिरूचा पाय दगडात अडकून घोट्यातून मुरगळला, मग उरलेली वाट आम्ही तिघांनीच आळीपाळीनं काढली. भामा सुरुवातीला कण्हत होती. आक्का तिच्याशी बोलत होती, लहानपणच्या गोष्टी, भाटघरला खाणावळीत तिनं पिठाची चिमणी केली होती ती. सोंड उतरून वाटेला लागलो आणि ओढ्याशी खांदा बदलायला थांबलो, तेव्हा आक्का बोलायची थांबली. तिनं भामाच्या गालाला हात लावला आणि तसाच ठेवला.

पोर पोटातच होतं.

पाऊस थोडा कमी झाला. मग नाथा, जो कधी आपणहून बोलायचा नाही, तो म्हणाला, "दाजी, दिस मावळंल. येशीत आता कुनी नसंल, सरळ जाऊ. बिरूला चालवत न्हाई."

"तू बिरूला घिऊन सरळ जा," दाजी म्हणाले. "जित्याला वाट मोकळी हाय. आमी वरनं येतो."

"दोगंच?"

"दोगंच."

नाथानं भावाला पाठुंगळी घेतलं आणि तो गावाच्या दिशेनं गेला. दाजींनी पुढचं टोक घेतलं, मी मागचं, आणि आम्ही पुन्हा त्याच सोंडेला लागलो. आक्का मागून येत होती. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. आता एवढं सोवळं कुणासाठी? पोर गेली ती गेली. जेव्हा नियम पाळायचा होता तेव्हा पाळला नाही, आणि आता पाळून कुणाला दाखवताय? पण दाखवायला तिथं कुणीच नव्हतं. पाऊस होता आणि आम्ही तिघं होतो.

अर्ध्या चढावर गावाकडून येणाऱ्या गुराख्यांच्या पायवाटेनं एक माणूस वर येताना दिसला. चिमाजी. दोघं धनगर डोलीवाचून गावातून गेले, ते त्यानं बघितलं असणार आणि ओळखलं असणार. तो आमच्यापाशी आला, धापा टाकत होता. डोलीकडे बघितलं, आक्काकडे बघितलं. मग दाजींना हातानं बाजूला सारून त्यानं पुढचं टोक आपल्या खांद्यावर घेतलं. तो ताकदीचा होता, चढ भराभर निघायला लागला. दाजी त्याच्या बाजूनं चालत होते.

माथ्यावर आलो तेव्हा दाजी बोलायला लागले. मी मागून दोनदा हाक मारली, "दाजी." त्यांनी ऐकलं नाही.

"चिमाजी, त्या कोंडिबाला पटकी हुती."

चिमाजी चालत राहिला.

"त्येचं घोंगडं भरल्यालं हुतं. म्या तुमच्या हिरीवर त्येला पानी पाजल्यावानी केलं, ते समदं घोंगड्यावरनं हिरीत गेलं. मरीआयनं न्हाई केलं ते. म्या केलं."

दहा-वीस पावलांवर निसरडा खडक आला, तो त्यानं जपून ओलांडला.

"तवा ठावं हुतं?" चिमाजीनं विचारलं. मान वळवली नाही.

"पटकी हाय, ते ठावं हुतं. पान्यातनं लागती, ते मागनं कळलं."

"मागनं म्हंजी कवा?"

"तू माज्या दारात आलास त्याच्या आदी."

बांबू माझ्या खांद्यावर थरथरत होता, ती थरथर पुढून येत होती. मला वाटत होतं, आता टाकतो, आता डोली टाकतो आणि दाजींच्या नरडीला हात घालतो. घातला असता तर मी अडवलं नसतं. पण त्यानं पाऊलही चुकवलं नाही. सोंड उतरून आम्ही पाथरगावच्या शिवेच्या दगडापाशी आलो. तिथं त्यानं गुडघे वाकवले आणि डोली खाली ठेवली, भामाचं डोकं दगडाला लागू नये अशी बघून ठेवली. मग आक्काकडे वळला.

"बाई, तुमच्या लेकीसाटी आलो हुतो," तो म्हणाला आणि आल्या वाटेनं निघून गेला. दाजींकडे त्यानं एकदाही बघितलं नाही.

आक्का डोलीपासून दोन हातांवर उभी होती. माथ्यावर दाजी बोलत होते तेव्हा ती इतकी जवळ होती की तिला सगळं ऐकू गेलं होतं. विहिरीचं तिला त्या दिवसापर्यंत काही माहीत नव्हतं. लोक उगाच डोलीवर आळ घेतात, असंच ती सगळ्यांना सांगत आली होती. ती माझ्याकडे बघत होती. मला म्हणजे तिच्या पाठच्या भावाला हे ठाऊक होतं का, एवढंच तिला बघायचं होतं. मी मान खाली घातली.

दाजी पुढचं टोक उचलायला वाकले.

"तुमी हात लावू नगा," आक्का म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नाही. दाजी वाकलेलेच राहिले, मग सावकाश सरळ झाले. आक्कानं पदर कमरेला खोचला, खाली बसली आणि बांबू खांद्यावर घेऊन उठली. आमच्यात बायका मढ्याला खांदा देत नाहीत. ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी होती, डोली पुढं झुकायला लागली, म्हणून मी गुडघे वाकवून चालायला लागलो.

"साळू," दाजी मागून एकदा म्हणाले.

वेल्हं अजून दोन कोस होतं. सगळी वाट दाजी आमच्या मागून मोकळ्या खांद्यांनी चालले आणि आक्कानं एकदाही खांदा बदलला नाही.